वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कोल्ड्रिंक चालते का? दावत, उन्हाळा आणि रमजानसाठी कुटुंबांनी जाणून घ्यावे असे सर्व काही

एप्रिल उजाडला की खामगाव, मलकापूर, नांदुरा या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. याच दिवसांत आपल्याकडे निकाह, वलीमा आणि अकीक्याच्या दावती असतात. दस्तरख्वानावर बिर्याणी आणि दालच्यासोबत कोल्ड्रिंकचे ग्लास फिरतात. घरी पाहुणा आला की मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळून थंडगार बाटली मागवली जाते. होळीच्या सुमारास भरणाऱ्या सैलानी यात्रेतही गोटी सोडा आणि लिंबू सोड्याच्या गाड्यांभोवती गर्दी असते. पाहुण्याला काही थंड दिल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, ही आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे.

अलीकडे मात्र आपल्या घरांमध्ये एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. कुणाच्या खालाने, कुणाच्या भाईजानने, कुणाच्या सुनेने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. बुलढाणा जिल्ह्यातील बहुतेकांना त्यासाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तिथे चार-पाच दिवस राहून, आहाराचा कागद घेऊन रुग्ण घरी येतो. त्या कागदावर "कार्बोनेटेड पेये टाळा" एवढी एक ओळ असते. ती का लिहिली, किती दिवसांसाठी लिहिली, लिंबू सोडा चालतो का, साखर नसलेला कोला चालतो का, याची उत्तरे त्यात नसतात. मग पहिल्याच दावतीत कुणीतरी म्हणते, "एक घोट घे, काही होत नाही."

हा लेख त्या एका ओळीची सविस्तर माहिती देण्यासाठी आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे. आपल्या रुग्णासाठी शेवटचा शब्द ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली त्यांचाच.

थोडक्यात उत्तर

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने गॅस असलेले कोणतेही पेय घेऊ नये. कोला, लिंबू सोडा, जिरा सोडा, साधा सोडा, एनर्जी ड्रिंक, साखर नसलेली कोल्ड्रिंक, सगळे यात आले. त्यानंतर काय करायचे यावर डॉक्टरांची मते वेगवेगळी आहेत. बरेच सर्जन कायमचे बंद ठेवायला सांगतात. काही जण वर्षभरानंतर, तपासणी करून, क्वचित थोडेसे घ्यायची मुभा देतात. साखर असलेल्या कोल्ड्रिंकबाबत मात्र फारसा मतभेद नाही. ते कायमचेच सोडावे.

शस्त्रक्रियेत पोटाचे नेमके काय होते?

"बॅरिअॅट्रिक सर्जरी" हा शब्द महाराष्ट्रातल्या अनेक घरांत २०१७ मध्ये पहिल्यांदा ऐकला गेला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या इमान अहमद या सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेला त्या वर्षी फेब्रुवारीत विमानाने मुंबईत आणले गेले आणि मार्चमध्ये सैफी हॉस्पिटलमध्ये डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने तिच्यावर शस्त्रक्रिया केली. पुढे उपचारासाठी तिला अबुधाबीला नेण्यात आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. तिचे प्रकरण अतिशय गुंतागुंतीचे होते. ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया होते ते बहुतेक रुग्ण चालत-फिरत दवाखान्यात जातात आणि काही दिवसांत घरी परततात.

आपल्या देशात प्रामुख्याने पुढील शस्त्रक्रिया होतात.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. सुरुवातीला तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर मावते, म्हणजे चहाचा एक कप.

गॅस्ट्रिक बायपास : जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची लहान पिशवी तयार करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जात नाही.

मिनी बायपास : यात पिशवी थोडी लांबट असते आणि आतड्याला एकच जोड असतो.

निरोगी माणसाच्या जठरात एक लिटर किंवा त्याहून थोडे अधिक सहज मावते. ही तुलना लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

बाटलीत काय असते?

गॅस. कोल्ड्रिंकमध्ये दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेला असतो. पेयाच्या आकारमानाच्या साधारण तीन ते चार पट गॅस त्यात असतो. म्हणजे २०० मिलिलिटरच्या लहान बाटलीत जवळपास ६०० ते ८०० मिलिलिटर गॅस. काही गॅस ओतताना उडून जातो, काही ढेकरांवाटे निघतो, पण उरलेला पोटात जाऊन फुगतो. मोठ्या जठराला जागा असते, म्हणून निरोगी माणसाला एक ढेकर देऊन बरे वाटते. चहाच्या कपाएवढ्या नळीत हाच गॅस सुटला की पोट गच्च होते, छातीत कळ येते, मळमळते, कधी उलटी होते. टाके ताजे असताना हा ताण टाळणे जास्तच गरजेचे असते.

साखर. बहुतेक कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २०० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे पाच चमचे, ७५० मिलिलिटरच्या बाटलीत वीस चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. एका ग्लासातच तो कोटा जवळपास संपतो.

आम्ल. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल, तर लिंबाच्या चवीच्या पेयांत सायट्रिक आम्ल असते. स्लीव्हनंतर अनेकांना छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास होतो, कारण अरुंद नळीत दाब वाढतो. गॅस आणि आम्ल दोन्ही एकदम गेले की तो त्रास वाढतो.

कॅफिन. कोलात १०० मिलिलिटरला साधारण १० मिलिग्रॅम कॅफिन असते. सध्या आपल्या तरुण मुलांमध्ये चालणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत ते सुमारे ७५ मिलिग्रॅमपर्यंत जाते. कॅफिनमुळे जळजळ वाढू शकते आणि झोपही बिघडते.

पोट पुन्हा ताणते का?

"सोडा प्यायलात तर पोट पुन्हा मोठे होईल," असे दवाखान्यात आणि नातेवाईकांत सर्रास सांगितले जाते. यात किती तथ्य आहे ते प्रामाणिकपणे सांगायला हवे. गॅसमुळे पिशवी कायमची ताणली जाते, हे सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही. काळानुसार पिशवी थोडी सैलावतेच, मग रुग्ण कोल्ड्रिंक पिवो अथवा न पिवो.

तरीही डॉक्टरांचा सल्ला हलका घेऊ नये, कारण बाकीची कारणे पक्की आहेत. गॅसने होणारा त्रास रुग्णाला त्याच क्षणी जाणवतो. साखरेने वजन परत वाढते, यातही शंका नाही. पातळ साखर लहान पोटातही थांबत नाही, झटकन पुढे सरकते. भाकरी चार घासांत पोट भरते, पण कोल्ड्रिंकचे चार ग्लास दिवसभरात सहज रिचवता येतात. शस्त्रक्रियेने अडवलेले कॅलरीचे दार पातळ गोडामुळे पुन्हा उघडते. दोन-तीन वर्षांनी वजन परत वाढलेल्या रुग्णाकडे डॉक्टर जेव्हा चौकशी करतात, तेव्हा सर्वात आधी गोड पेयांबद्दल विचारतात ते याच कारणाने.

आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत. भीती घातली की माणूस काही महिने घाबरतो. मग एखादे दिवशी एक ग्लास पितो, पोट फुटत नाही, आणि त्याला वाटते की डॉक्टरांनी उगाच घाबरवले. खरे कारण माहीत असले तर नियम टिकतो.

डम्पिंग : गोड प्यायल्यावर येणारी घेरी

बायपास झालेल्यांना आणि काही प्रमाणात स्लीव्हवाल्यांनाही हा त्रास होतो. गोड पेय थेट आतड्यात पोहोचते. साधारण १० ते ३० मिनिटांत पोटात मुरडा, जुलाब, धडधड, घाम, चक्कर सुरू होते. रुग्णाला आडवे पडावेसे वाटते.

दुसरा प्रकार उशिराचा. गोड प्यायल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर अचानक घसरते, कारण आधी ती झपाट्याने वाढलेली असते आणि शरीराने त्यावर जास्त इन्शुलिन सोडलेले असते. हात थरथरतात, भूक लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. वलीम्यात दुपारी दोनला कोल्ड्रिंक प्यायले आणि चारला मोटारसायकलवर घेरी आली, तर घरचे उन्हाला दोष देतात. खरे कारण तो ग्लास असू शकतो.

यातून एक चुकीची सवय लागते. साखर कमी झाली म्हणून पुन्हा कोल्ड्रिंक पाजले जाते आणि पुन्हा तेच चक्र फिरते. ग्लुकोमीटरवर साखर खरोखर ७० च्या खाली असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्यावी, बरे वाटले की थोडे पनीर, अंडे किंवा दही द्यावे, आणि सर्जनला कळवावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ वर फोन करावा.

पाण्याची जागा कोण घेते?

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवे, पण एका वेळी जाते फक्त दोन-चार घोट. जेवताना पाणी प्यायचे नसते, जेवणानंतरही साधारण अर्धा तास थांबायचे असते. म्हणजे पाणी पिण्याचे तास मोजकेच उरतात. त्या तासांत कोल्ड्रिंक प्यायले तर पोट गॅसने भरते आणि पाणी राहून जाते. प्रथिनांचेही तसेच. रुग्णाला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायची असतात. पोट फुगलेले असेल तर अंडे, मासा, चिकन, डाळ खाल्लीच जात नाही. मग केस गळतात, अशक्तपणा येतो आणि लोक म्हणतात, "ऑपरेशनने वाट लागली."

आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडणे हे सर्वात सामान्य संकट आहे. लघवी गडद पिवळी होणे, तोंड कोरडे पडणे, उठताना चक्कर येणे ही त्याची लक्षणे. मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रेल्वेने तपासणीला जाताना पाण्याची बाटली सोबत ठेवा. फलाटावर थंड पाणी संपले म्हणून सोडा घेतला, असे व्हायला नको.

काय प्यावे, काय टाळावे

खालील यादी शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन महिने झालेल्या, पातळ आणि मऊ आहाराचे टप्पे पार केलेल्या रुग्णासाठी आहे. त्याआधी डॉक्टरांनी दिलेल्या कागदाप्रमाणेच चालावे.

साधे पाणी : सर्वात उत्तम. फार थंड नको. झमझम असो वा विहिरीचे उकळून गाळलेले, नियम एकच, घोट-घोट.

पातळ ताक किंवा मठ्ठा : जिरे, थोडे मीठ, पुदिना घालून. उन्हाळ्यात कोल्ड्रिंकला याच्याइतका चांगला पर्याय नाही.

बिनसाखरेचे लिंबूपाणी आणि कैरीचे पन्हे : गूळ किंवा साखर न घालता. जळजळ होत असेल तर टाळावे.

यखनी : चिकन किंवा मटणाची, गाळून, वरचे तेल काढून. तोंडाला चव येते, मीठ-पाणी मिळते. मात्र निव्वळ पाणीदार यखनीत किंवा डाळीच्या पाण्यात प्रथिने फार थोडी असतात. ती प्रथिनांच्या हिशेबात धरू नये.

दूध : साय काढलेले, बिनसाखरेचे. काहींना शस्त्रक्रियेनंतर दूध पचत नाही, त्यांनी दही-ताक घ्यावे.

नारळपाणी : अधूनमधून थोडे. त्यातही नैसर्गिक साखर असते.

गुलाब-सरबत, रूह अफजा, फालुदा, उसाचा रस : यांत गॅस नाही, म्हणून ते सुरक्षित आहेत असा गैरसमज आहे. साखर त्यांतही भरपूर असते, त्यामुळे डम्पिंग आणि वजनवाढ दोन्ही होऊ शकते. पॅकबंद फळांच्या रसांचेही तेच.

साखर नसलेली कोल्ड्रिंक : कॅलरी नाहीत, पण गॅस आणि आम्ल आहेच, कोलात कॅफिनही आहे.

गॅस उडवून टाकलेला कोला : चमच्याने ढवळून गॅस काढला तरी साखर ग्लासातच राहते.

लिंबू सोडा, जिरा सोडा, गोटी सोडा : "हे तर पचनासाठी चांगले" असे म्हणून दिले जातात. शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी ते कोलाच्याच पंगतीत बसतात. कंपनी परदेशी असो, देशी असो वा गावातलीच, बाटलीतला गॅस तोच. बहिष्कार म्हणून मोठ्या कंपन्यांचा कोला सोडून स्थानिक कोला घेणाऱ्या घरांनीही रुग्णापुरता हा हिशेब वेगळा ठेवावा.

फ्रूट सॉल्ट : हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. पोट जड झाले की ईनोसारखी पूड पाण्यात घालून फसफसते ते पिण्याची आपली सवय आहे. ती फसफस म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. पाण्यात टाकून विरघळवायच्या फसफसणाऱ्या व्हिटॅमिन गोळ्यांचेही तसेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. घास अडकल्यासारखा वाटला तर तो खाली जावा म्हणून कोला पिण्याचा उपाय तर मुळीच करू नये. खाणे-पिणे थांबवावे, शांत बसावे, आणि बरे वाटले नाही तर दवाखाना गाठावा.

रमजान आणि रोजे

हा आपल्या घरांमधला सर्वात नाजूक विषय आहे. आजारी माणसाला रोज्यातून सवलत असल्याचे कुरआनात सूरह बकराहमध्ये स्पष्ट आहे. तरीही शस्त्रक्रिया होऊन तीन-चार महिने झालेले रुग्ण, विशेषतः आपल्या माता-भगिनी, "आता तर बरी आहे" म्हणून रोजे धरतात.

हिशेब मांडून पाहू. आपल्याकडे रोजा ऋतूनुसार साधारण १२ ते साडेचौदा तासांचा असतो. उरलेल्या साडेनऊ ते बारा तासांत इफ्तार, मगरिब, जेवण, इशा, तरावीह, झोप आणि सहरी. अर्ध्या तासात १०० मिलिलिटर या गतीने दीड लिटर पाणी प्यायला साडेसात तास लागतात. शिवाय जेवतानाचा आणि नंतरचा अर्धा तास वजा. सुरुवातीच्या महिन्यांत हा हिशेब बसत नाही, आणि तो बसवण्याच्या नादात लोक इफ्तारला मोठ्या घोटांनी सरबत आणि कोल्ड्रिंक पितात. दिवसभर रिकाम्या असलेल्या लहान पोटात एकदम गॅस आणि साखर गेली की तरावीहच्या आधीच उलटी नाहीतर घेरी येते.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर रोजे केव्हा सुरू करावेत हे सर्जनला विचारूनच ठरवावे. बरेच डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन सुरू असेल तर रमजानच्या किमान महिना-दीड महिना आधी भेटावे. राहिलेल्या रोज्यांच्या कजा किंवा फिदियाबाबत आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना डॉक्टरांचा कागद सोबत न्यावा.

डॉक्टरांनी परवानगी दिलेल्यांसाठी इफ्तार असा असावा : लहान खजूर एक किंवा अर्धा, कारण एका लहान खजुरातही सुमारे ५ ग्रॅम साखर असते. दोन-चार घोट पाणी. मगरिबची नमाज. मग अर्ध्या तासाने प्रथिनयुक्त थोडे जेवण. भजी, समोसे आणि कोल्ड्रिंक त्या ताटात नको.

बसून, घाई न करता, मध्ये थांबून तीन श्वासांत पाणी पिण्याची सुन्नत आपल्याला लहानपणापासून शिकवलेली आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरही हळूहळूच प्यायला सांगतात, फक्त त्याहूनही लहान घोटांनी आणि जेवणापासून वेगळे.

"एक घोट घे" म्हणणाऱ्यांना काय सांगावे?

आपल्या समाजात बरेच जण ही शस्त्रक्रिया लपवतात. मुलीच्या लग्नाची गोष्ट चालू असते, सासरच्यांना कळू द्यायचे नसते, "आळशी होती म्हणून पोट कापून घेतले" असे टोमणे नको असतात. लठ्ठपणा हा आजार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्यावर उपचार घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण सांगायचे की नाही हा निर्णय रुग्णाचा आहे, आणि तो इतरांनी जपावा.

लपवण्याचा तोटा असा की दावतीत नकार देता येत नाही. यजमान रागावेल म्हणून रुग्ण ग्लास हातात घेतो आणि पितोही. यावर साधा उपाय आहे. "चाचा, डॉक्टरांनी गॅसवालं बंद केलंय, साधं पाणी द्या." एवढे वाक्य पुरेसे आहे. शस्त्रक्रियेचे नाव काढायची गरजच नाही. सोबत असलेल्या शौहरने, बहिणीने किंवा मुलाने हे वाक्य आधीच बोलून टाकले तर रुग्णाची अडचण आणखी कमी होते.

यजमानांनाही आमची विनंती आहे. दावतीत कोल्ड्रिंकच्या शेजारी मठ्ठ्याचे आणि साध्या पाण्याचे ग्लास ठेवा. मधुमेह असलेले वडीलधारे, जळजळीचा त्रास असलेले, लहान मुले, सगळ्यांचीच सोय होईल. कुणी नको म्हटले तर एकदाच विचारा, आग्रह करू नका.

आणि घरात? रुग्णाच्या समोर रोज बाटली उघडायची आणि त्याला मात्र नाही म्हणायचे, हे फार दिवस चालत नाही. फ्रिजमधून कोल्ड्रिंक काढून टाकणे हे सगळ्या कुटुंबाचे काम आहे. मुलांच्या दातांचेही त्यात भलेच आहे.

गावातल्या दवाखान्यात जाताना

शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झालेली असते, पण रात्री पोट दुखले तर आपण मेहकर, चिखली किंवा लोणारच्या जवळच्या डॉक्टरांकडेच जातो. बुलढाण्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कुठेही गेलात तरी पहिले वाक्य हे असावे : "वजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे," आणि सुटी मिळाल्याचा कागद दाखवावा. बाहेरच्यांपासून लपवले तरी डॉक्टरांपासून लपवू नका. त्याची दोन मोठी कारणे आहेत.

पहिले, दुखणे थांबवण्याची डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी औषधे, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या ठिकाणी जखम करू शकतात. बिडी-सिगारेटनेही तो धोका वाढतो.

दुसरे, काही आठवडे सतत उलट्या होत असतील तर शरीरातले व्हिटॅमिन बी-१ संपते. अशा वेळी आधी बी-१ न देता ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. अशक्तपणा आला की "एक सलाइन लावून द्या" म्हणणाऱ्या आपल्या घरांनी हे नक्की लक्षात ठेवावे.

पुढील लक्षणे दिसली तर वाट पाहू नये : पाणीही न टिकणारी उलटी, पोटात तीव्र कळ, ताप, विश्रांती घेतानाही जोराची धडधड, धाप लागणे, काळी किंवा रक्ताची शौच, दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ. "काल सोडा प्यायला होता, त्याचाच गॅस असेल" असे म्हणून ही लक्षणे टाळू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चुकून एक घोट प्यायला गेला तर? घाबरू नका. एका घोटाने टाके तुटत नाहीत. थांबा, थोडे चाला, ढेकर येऊ द्या. तीव्र दुखले किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना फोन करा.

चहा चालतो का? सुरुवातीचे काही आठवडे बरेच डॉक्टर बंद ठेवतात. नंतर बिनसाखरेचा थोडा चालतो. पण लोहाच्या गोळीसोबत चहा घेऊ नये, त्याने लोह नीट शोषले जात नाही. दोन्हींत दीड-दोन तासांचे अंतर ठेवावे.

व्हिटॅमिनच्या कॅप्सूल जिलेटिनच्या असतात, मग काय करावे? शंका असेल तर गोळी, पावडर किंवा सिरपच्या रूपात तेच औषध मागावे. फार्मसीत बहुतेक वेळा पर्याय मिळतो. पण शंकेपायी व्हिटॅमिन बंद करू नये. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी आयुष्यभर लागतात. स्लीव्हवाल्यांनीही डॉक्टरांना न विचारता ती थांबवू नयेत.

वर्षभर झाले, वजन उतरले, आता तरी कोल्ड्रिंक? सर्जनला विचारा. त्यांनी होकार दिला तरी बिनसाखरेचे, थोडे आणि क्वचित. ज्यांना पूर्वी रोज कोल्ड्रिंक लागत होते त्यांनी तर पुन्हा चव न घेतलेलीच बरी. सवय परतायला एक उन्हाळा पुरतो.

शस्त्रक्रियेसाठी घरच्यांनी पैसे उभे केलेले असतात, कुणी दागिने मोडलेले असतात, कुणी शेताच्या पैशातून खर्च केलेला असतो. रुग्णाने वेदना सोसलेल्या असतात. ते सगळे टिकवणे आता रुग्णाइतकेच त्याच्या दस्तरख्वानावर बसणाऱ्यांच्याही हातात आहे. पुढच्या दावतीत त्याच्यासमोर मठ्ठ्याचा ग्लास ठेवा. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.